एकाच पोटच्या

रिंकीचा डावा हात कोपरापर्यंत पडद्याबाहेर होता आणि बाकीची रिंकी आत, चौकटीला पाठ लावून उभी होती. बाहेर छपरीत मायनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"घ्या बाई, पण लवकर आटपा," माय म्हणत होती. "हरद लागलेल्या पोरीच्या आंगातून रगत काढत नसतेत. माहा जीव कसातरीच होऊन राहिला."

"एक थेंब लागते, गोमतीबाई. डास तर न विचारता याच्याहून जास्त पिऊन जाते," निर्मलाबाई नर्स म्हणाल्या.

स्पिरिटचा गार बोळा बोटावर फिरला.

"बापरे, बोळा तर पिवळाधमक झाला. केवढी थापली हळद!"

"पहिल्या लेकीची हरद हाये. कमी काऊन लावीन?"

हळद उर्वशीची होती, हात रिंकीचा. नर्सबाई अंगणात शिरताना दिसल्या तशी माय आत आली, कालच्या उरलेल्या हळदीची वाटी तिनं फडताळातून काढली आणि काही न सांगता रिंकीचा हात माखायला लागली. रिंकीनं हात मागे घेतला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "चूप. बहिणीसाठी एक थेंब दे. मरत नाई त्यानं."

बहीण आतल्या खोलीत होती. दोन गोधड्यांखाली, गुडघे पोटाशी घेऊन. परवा तिला पहिल्यांदा थंडी वाजली. काल संध्याकाळी बाया हळद लावत होत्या तेव्हा ती चांगली हसत होती; आज उन्हं वर आली तशी पुन्हा दातावर दात. बाहेर मांडवात जांभळीच्या फांद्या बांधणं चाललं होतं. वरात उद्या येणार होती.

मायला गोळ्या हव्या होत्या. पण निर्मलाबाई थेंबाशिवाय गोळी देत नव्हत्या. पलीकडच्या टोलीवरचा, म्हणजे वस्तीवरचा उदाराम नुकताच तापानं गेला होता. बांबू तोडायला जंगलात गेला, थंडी घेऊन परतला, घरच्यांनी आधी देवाचं केलं, मग दवाखान्याचं. गाडीत घातला तेव्हा त्याला स्वतःची बायको ओळखू येत नव्हती. तेव्हापासून निर्मलाबाई खांद्याला पिशवी अडकवून घरोघर फिरत होत्या. पिशवीत नवीन पट्ट्या होत्या; त्यांच्यावर रक्त टाकलं की तिथल्या तिथं कळायचं. दरेकशाच्या आजूबाजूच्या गावांत अशा पट्ट्या त्या वर्षी पहिल्यांदाच आल्या होत्या.

बोटाला टोच लागली. रिंकीनं ओठ आवळले.

"झालं. पण हात राहू द्या बाहेर. नाही उमटलं तर पुन्हा थेंब लागंल."

वाट पाहणं सुरू झालं. मांडवातून मोठी माय, म्हणजे रिंकीच्या मोठ्या काकाची बायको, तांदळाचं सूप घेऊन छपरीच्या पायरीवर येऊन बसली.

"नर्सबाई, एवढ्या आल्याच आहा तं नवरदेवाचंही रगत घेऊन या. त्यालेबी थंडी भरली असन आतापासून."

बायांमध्ये हशा उठला.

"त्याची थंडी उद्या आपोआप उतरते," कुणीतरी म्हणालं.

निर्मलाबाईही हसल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी मायला विचारलं, "राग नका मानू, औषध द्यायच्या आधी विचारावं लागते. पाळी वेळेवर आहे ना पोरीची?"

"आमच्या घरची पोट्टी हाये ती," माय म्हणाली.

"म्हणूनच विचारलं. सगळ्यांच्याच घरी विचारते."

"वेळेवर हाये."

"आणि घरात आणखी कोणाला ताप?"

"नाई. कोणाले नाई."

पडद्याला धुळीचा आणि नव्या रंगाचा वास होता. रिंकी त्याच्या विणीतून पाहायचा प्रयत्न करत होती, पण निर्मलाबाईंच्या पांढऱ्या साडीचा एक तुकडा सोडला तर काही दिसत नव्हतं. तो तुकडा पुढे वाकला.

"हे पाहा, गोमतीबाई. आल्या दोन रेषा. ही दुसरी दिसते ना? मलेरियाच आहे. आणि तोही वाईट जातीचा, उदारामला झाला तो."

रिंकीच्या मनगटावरची मायची बोटं सैल झाली. क्षणभर हात नुसताच हवेत राहिला. मग त्या बोटांनी तो पुन्हा पकडला, आधीपेक्षा जोरात, आणि पडद्याआड ढकलून दिला.

"द्या मंग गोळ्या," माय म्हणाली.

"देते. पण आजच्या माझ्यासमोर खायच्या. तोंडात टाकलेल्या मला दिसल्या पाहिजेत."

"पुरुष माणसं फिरून राहिले मांडवात. हरदीची पोरगी बाहेर कशी येईन?"

"बाहेर नको. पडदा उचला थोडासा."

रिंकीनं ओढणी कपाळावरून हनुवटीपर्यंत ओढली. पडदा वीतभर वर झाला. पिवळ्या हातानं तिनं दोन गोळ्या घेतल्या, ओढणीखाली नेल्या, पेला तोंडाला लावून मान मागे केली. पडदा खाली पडला. तिनं गोळ्या जिभेखालून काढून वाटीत टाकल्या. पुन्हा पडदा वर. पुन्हा दोन. सगळ्या संपेपर्यंत तिच्या जिभेवर असा कडूपणा पसरला होता की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर निर्मलाबाई सांगत होत्या, "उद्याच्या ह्या, परवाच्या ह्या. ताप उतरला तरी सोडायच्या नाहीत, समजलं? सोडल्या की हा पुन्हा डोकं काढते, आणि मग मेंदूत जाते. सासरी सोबत द्या बांधून. लाजायचं काही नाही. आणि लगीन आटपलं की पुढल्या फेरीत मी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेईन."

"घेजा ना. लगन होऊ द्या पहिले."

मायनं वाटी उर्वशीच्या उशाशी नेली. गोळ्यांच्या कडा विरघळून मऊ झाल्या होत्या. उर्वशीनं कोपरावर उठून त्यांच्याकडे पाहिलं.

"उष्ट्या?"

"लहानपणी माही उष्टी बोरं चालत होती तुले," रिंकी म्हणाली.

"बोरं गोड होती, बे."

रिंकी तोंड धुवायला मागच्या नळाकडे गेली. चूळ भरली, राखेनं हात घासला. हळद निघाली, पण नखांच्या कडेला राहिलीच. परत आली तेव्हा वाटी रिकामी होती आणि उर्वशी भिंतीकडे तोंड करून निजली होती. माय तिचे पाय चेपत होती.

*

दुपारी रिंकी पत्रावळी पुसत बसली होती. हातानं काम चाललं होतं आणि डोकं रिकामं होतं, आणि त्या रिकाम्या डोक्यात अचानक ती दुसरी रेषा उभी राहिली.

ती सालेकशाच्या कॉलेजात बारावी सायन्सला होती. मलेरियाच्या जंतूचं चक्र तिनं दोनदा काढलं होतं, एकदा वहीत आणि एकदा परीक्षेत, आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले होते. डासाच्या पोटात काय होतं, माणसाच्या यकृतात काय होतं, तांबड्या पेशी कशा फुटतात. पट्टीला नाव कळत नाही. पट्टीला हळद कळत नाही. तिच्यावर जो थेंब पडतो, त्यात जे असतं, ते ती दाखवते.

रिंकीनं हातातली पत्रावळ खाली ठेवली.

गेले दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं. पाठ भरून आली होती. लग्नघरात कोणाची पाठ भरून येत नाही? तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. गरम नव्हता.

माय मागच्या आवारात चुलीजवळ एकटीच सापडली. मोठ्या कढईखाली ती लाकडं सारत होती.

"माय, ते रगत माहं होतं."

"हळू बोल."

"त्याच्यात जे निघालं ते माहं निघालं. मंजे मलेरिया मले हाये."

मायनं लाकूड आत ढकललं. मग उठली, पदराला हात पुसला आणि तो रिंकीच्या कपाळावर ठेवला. हाताला धुराचा आणि लसणाचा वास येत होता. बराच वेळ तिनं तो तिथंच ठेवला.

"थंडगार हायेस. ताप कुठं हाये?"

"ताप मागून येते. आधी रगतात वाढते, मंग..."

"दोघी एकाच पोटच्या तुमी. रगत एकच. तिचं होतं ते तुह्या थेंबात दिसलं. एवढं सोपं हाये."

"असं नसते, माय."

"मंग कसं असते?"

रिंकीनं सांगितलं. चुलीतल्या कोळशानं फरशीवर गोल काढून दाखवला, ही पेशी, हा आत शिरला, हे इतके झाले. माय शांतपणे ऐकत होती. मधून मधून मान हलवत होती. इतक्या शांतपणे तिनं रिंकीचं अभ्यासाचं काही कधी ऐकलं नव्हतं.

"असं काय," शेवटी माय म्हणाली. "एवढाले शिकलेले लोक सांगतेत तं असन." कढईच्या बाजूला ठेवलेल्या ढेपेतून तिनं गुळाचा खडा फोडला आणि रिंकीच्या तोंडात घातला. "तोंड कडू झालं असन. जाय, मोठी मायले तांदूळ मोजून दे."

रिंकी गूळ चघळत परत गेली. मायला कळलं नाही, असं तिला वाटलं. चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईला एका दुपारीत कसं कळेल? राग नाही आला. उलट, आपण जास्त नीट सांगायला हवं होतं, असं वाटत राहिलं. नर्सबाईंकडे जाऊन खरं सांगावं, हेही एकदा मनात आलं. पण मग पडद्याआडून हात कोणाचा होता, हे सांगावं लागलं असतं. ते खोटं तिनंही केलं होतं. आणि मांडवात बाया होत्या, बायांच्या माहेरच्या बाया होत्या, त्यातल्या दोघींची सासरं आमगावकडे, नवरदेव खुमेंद्रच्याच गावात होती.

उर्वशीला तर तिनं काहीच सांगितलं नाही. लहानपणापासून दोघी एका गोधडीत निजल्या होत्या. तिला कळलं असतं तर ती गोळ्या खाऊ शकली नसती, किंवा खाल्ल्या असत्या आणि रडली असती. लग्नाच्या आदल्या दिवशी तिला कशाला रडवायचं.

*

वरात आली तेव्हा उर्वशी उभी होती. चेहरा उतरलेला, पण घाम नाही, थरथर नाही. लोकांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून. खुमेंद्र उंच, थोडा लाजरा, बूट चोरल्यावर खरोखरच गोंधळून गेलेला. रिंकीनं बूट लपवले, भांडली, नेगाचे पैसे घेतले, आणि जेवणाच्या पंगतीत वाढत असताना तिच्या गुडघ्यांतून कोणीतरी पाणी काढून घेतल्यासारखं झालं. तिनं वांग्याच्या भाजीची बादली खाली ठेवली.

खुमेंद्रचा मामा शेवटच्या पंगतीला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या मनोहरलालना, रिंकीच्या वडिलांना, विचारलं, "ही धाकटी काय, भाऊजी?"

"हो. बारावीले हाये."

"तब्येत नाजूक दिसते."

"काम करून करून थकली," पाठीमागून माय म्हणाली. "बहिणीच्या लगनात बसली नाई एक घडी."

मामा हसला. त्याचा एक मुलगा वन खात्यात लागला होता. जाताना तो मनोहरलालना बाजूला घेऊन काही बोलला, आणि त्यांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा मोकळा झाला.

बिदाईच्या वेळी रिंकीला थंडी भरली. सगळेच रडत होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही. गाडीच्या खिडकीतून उर्वशीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग एकदम सोडला आणि आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "जाय, आत जाऊन नीज," ती म्हणाली. गाडी हलली.

*

एक दिवस ताप, एक दिवस कमी, मग पुन्हा ताप. मांडव अजून उतरवायचा होता. फांद्यांची पानं वाळून अंगणभर पडत होती. आतल्या खोलीत, उर्वशीच्याच जागेवर, त्याच गोधड्यांखाली रिंकी होती.

"लगनघरची नजर हाये," मायनं सांगितलं. छोटेलालला बोलावलं. तो गावात झाडफूक करायचा; म्हातारा, सौम्य, तंबाखू खाणारा माणूस. त्यानं कडुलिंबाचा डहाळा फिरवला, राख लावली आणि जाताना स्वतःच म्हणाला, "गोमती, हे माह्या हातचं नाई दिसत. पोट्टीले दवाखान्यात ने."

"नेतो ना काका. पावणे होऊन जाऊ द्या."

त्या रात्रीच्या जेवणाआधी वडील दारात येऊन उभे राहिले.

"काय म्हणतेस? बैलगाडी जुंपू काय? उपकेंद्र काई दूर नाई."

रिंकीनं तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "आमगावचा मामा पाहाले येऊन राहिला पोट्टीले, तुमीच तं सांगतलं. नर्सबाईचा पाय घरात पडला का गावभर होईन. एक पोट्टी तापात लगनाले उभी केली, दुसरी तापात दाखवून राहिले. दोघीच्या दोघी घरी बसतीन."

"मंग?"

"मंग काय. माह्या हातचा काढा हाये, छोटेलालनं झाडलं हाये. दोन-चार दिवसाचा कारभार."

वडिलांनी रिंकीकडे पाहिलं. "तुही माय म्हणते तसं कर," ते म्हणाले आणि खळ्यावर धान राखायला निघून गेले.

माय वाईट वागत नव्हती. हे खरं होतं आणि रिंकी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. माय तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती, भाताची पेज भरवत होती, उलटी झाली की हातात झेलत होती. ताप चढला की तिच्याजवळच निजत होती. ज्या बाईला कळत नाही, ती एवढंच करू शकते. ताप उतरलेल्या दुपारी रिंकी शब्द जुळवत होती. पेशी हा शब्द नको. जंतू नको. बी म्हणावं. धानासारखं बी. माझ्या वावरात पडलेलं बी तिच्या वावरात औषध मारून कसं मरेल? असं सांगितलं तर तिला कळेल. पावणे येऊन गेले की सांगू, असं ठरवता ठरवता तिला उदारामची आठवण यायची आणि ती मनातल्या मनात घरातल्या सगळ्यांची नावं म्हणून बघायची. नावं येत होती. म्हणजे अजून मेंदूत गेला नाही.

*

मोबाइल मांडवाच्या खांबाला टांगलेला असायचा. गावात टॉवरची पट्टी दोनच ठिकाणी दिसायची, तळ्याच्या पाळीवर आणि मनोहरलालच्या अंगणातल्या त्या नेमक्या जागी. म्हणून वडिलांनी तो प्लास्टिकच्या पन्नीत घालून खांबाच्या खिळ्याला अडकवला होता. बोलणाऱ्यानं तिथंच उभं राहायचं. दोन पावलं हललं की आवाज तुटायचा.

तो वाजला तेव्हा ताप उतरलेला होता आणि रिंकी उन्हात पायरीवर बसली होती. माय अंगणात भाड्याच्या सतरंज्या झटकून घड्या घालत होती. मामा उद्या येणार होता.

"उचल," माय म्हणाली. "माहे हात भरले धुळीनं."

रिंकी खांबाला धरून उभी राहिली.

"हॅलो."

"रिंके? तूच हायेस काय वो?" उर्वशीचा आवाज बांगड्यांच्या आवाजासकट आला. "किती दिवसानं! इकडं फोन सासऱ्याच्या खिशात राहते. आता वावरात गेले, पण फोन घरी विसरले. कशी हायेस? ताप उतरला काय?"

रिंकीनं खांब सोडला नाही.

"कोणता ताप?"

"आता कोणता मंजे. आला नाई काय तुले? गाडीतून धरला तवा तं भट्टी होती नुसती. मी रस्ताभर रडत होतो, हे म्हणत होते घरची आठवण येऊन राहिली काय."

"तुले कसं माहीत," रिंकीनं विचारलं, "का येणार होता म्हणून?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मायनं सांगतलं ना. त्याच दिवशी, तू तोंड धुवाले गेली तवा. म्हणे, ह्या रेषा तिच्या रगताच्या हायेत, तुह्या नाई. तुलेबी तोच ताप हाये, पण तिले आज बाहेर काढता येत नाई, नर्सबाई मांडवातच बोंबलन. म्हणे, आज तू खाय, वरात निघाली का त्याच पावली तिले घेऊन जातो. मी नाई म्हणत होतो, रिंके. तुही शपथ. मायनं वाटी तोंडालेच लावली."

अंगणात माय सतरंजीची दोन टोकं जुळवत होती. टोकं जुळली की हनुवटीखाली धरायची, हात खाली न्यायचे, पुन्हा जुळवायची. ती एकटीच होती आणि सतरंजी मोठी होती.

"रिंके?"

"हं."

"रागावली काय? मायले तवाच सारं समजलं होतं. तू लेक्चर देत होती म्हणे तिले कोळशानं, हसत होती माय. म्हणे, काय सांगू तिले, का मले हे सारं नर्सबाईनंच सांगून ठेवलं हाये दोन वर्सांपासून." उर्वशी स्वतःच थोडं हसली, आणि थांबली. "नेलं ना पण तिनं तुले? गोळ्या भेटल्या ना?"

रिंकी खांबाला टेकली.

"तुह्या गोळ्या संपल्या?" तिनं विचारलं.

"कोणत्या, त्या? ताप कुठं आला मंग मले. दुसऱ्या दिवशीपासून खणखणीत."

"खाल्ल्या काय सगळ्या?"

"सासूनं पहिल्याच दिवशी पेटी उघडून सारं पाहून घेतलं, बाई. ती विचारन म्हणून मी आधीच टाकल्या. नाल्यावरून गाडी जात होती तवाच. नुसत्या आठवल्या तरी तोंड कडू होते."

मायनं घडी घातलेली सतरंजी ढिगावर ठेवली आणि मान वर केली. "काय म्हणते वो उर्वशी?" तिनं हातानंच विचारलं. रिंकीच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा हात हवेतच राहिला.

"रिंके, बोल ना. नेलं ना मायनं तुले?"

"माय इथंच हाये," रिंकी म्हणाली. "तिलेच विचार."

तिनं फोन पुढे केला. मायनं दोन्ही हात लुगड्याला पुसले, उगीच पुन्हा एकदा पुसले आणि खांबाजवळ येऊन तो घेतला. दोघींच्या बोटांचा स्पर्श झाला. मायची बोटं थंड होती, की रिंकीची पुन्हा तापायला लागली होती, कोण जाणे.

रिंकी आत गेली. ओढणी घेतली, कानावरून गुंडाळली. चप्पल दाराशी होती. पायरी उतरताना तिनं भिंतीला हात लावला, मग सोडला. मांडवाखालून ती सरळ फाटकाकडे निघाली. उपकेंद्राचा रस्ता तळ्याच्या पाळीवरून जात होता आणि ऊन अजून चांगलं होतं. उद्यापर्यंत थांबलं तर ते ऊन असेल की नसेल, तिला सांगता येत नव्हतं.

मायनं तिच्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा मागे खांबाशी घेतलं. मोकळा हात तिनं जोरानं हलवला, थांब, थांब. तोंडातून आवाज काढला नाही.

रिंकी फाटकाबाहेर पडली तेव्हा पाठीमागून मायचा आवाज आला. नेहमीसारखाच होता, मायेचा, जरासा दमलेला.

"नेलं ना वो बाई. कवाच नेलं. आता गोळ्या खाऊन झोपली हाये."

रिंकीनं बाहेरून कडी लावली.